हारुच्या जागी

दार लावून घे रे शुगो, वारा थेट मानेत शिरतोय. टिपऱ्या त्या कोपऱ्यात ठेव. आगीच्या गस्तीच्या पुढच्या फेरीला अजून वेळ आहे, तोवर स्टोव्हजवळ हात शेका. पातेल्यात ओदेनचा गरम रस्सा आहे. मुळा संपवा हवा तर, पण एक अंडं माझ्यासाठी राहू द्या. मागच्या डिसेंबरला आम्हा म्हाताऱ्यांना नुसतं पाणी उरलं होतं.

काय विचारत होतास मगाशी? सेकिनेकाका आज फेरीला का नाहीत? आज शनिवार ना, म्हणून. शनिवारी रात्री तो घर सोडत नाही. गावात आग लागली तरी येईल की नाही, शंकाच आहे.

हसू नका. कारण ऐकाल तर हसणार नाही. त्यानं मला सांगितलं ते माझ्या दुकानात, खुर्चीत बसून, गळ्याभोवती कापड बांधलेलं असताना. नोव्हेंबर महिना होता, दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. सेकिने कसा माणूस आहे ते तुम्हाला माहीत आहे. गॅसचा सिलेंडर खांद्यावरून उतरवणार, जोडणार, मान हलवणार आणि चालता होणार. तो माणूस तासभर बोलला. मी कात्री हातात धरून नुसता उभा.

त्याची मुलगी चिहारु तुमच्यातल्या कोणाला आठवते का? नसेलच. सतराव्या वर्षी रक्ताचा आजार निघाला, शाळा सुटली, मग घर आणि तोयामाचं हॉस्पिटल एवढंच. यंदा जूनच्या सुरुवातीला गेली. एकोणीस वर्षांची होती. शेवटचे दोन महिने गळ्यात नळी होती. बोलता येत नव्हतं. डोळ्यांनी बोलायची, असं योशिए सांगते. योशिए म्हणजे सेकिनेची बायको.

तर जुलैची पाच तारीख, शनिवार. रात्रीचं जेवण झालं होतं. योशिए भांडी विसळत होती. पाठमोरीच म्हणाली,

"अहो, वर जाऊन त्या पोरांना कळवून या."

"कुठल्या पोरांना?"

"कॉम्प्युटरवरच्या. तिघं आहेत. शनिवारी दहाला जमतात, मिळून कार्टून बघतात. ती वाट बघत असतील. मला नाही हो लिहिता येणार. माझे हात थरथरतात."

 सेकिनेला त्या पोरांची नावंही माहीत नव्हती. चिहारु धडधाकट होती तेव्हा एकदा जिन्याखालून ओरडला होता, "तोंड नसलेल्या माणसांशी काय खिदळतेस गं? जरा खरी माणसं जोड." वरून ती म्हणाली होती, "बाबा, एकदा वर येऊन बघा ना. तुमच्यासाठी उशी पण ठेवलीय." "मला सकाळी लॉरी काढायचीय," असं म्हणून तो झोपायला गेला. मग ती आजारी पडली. उशी तिथेच राहिली.

त्या दिवशी तो वर गेला. खोली योशिएनं होती तशी ठेवलेली. बुटकं मेज, त्यावर कॉम्प्युटर. मेजासमोर दोन उश्या शेजारी शेजारी. भिंतीवर खिळ्याला कानाला लावायचा तो माईकवाला हेडफोन, त्याची वायर खाली लोंबत होती. सेकिने डावीकडच्या उशीवर बसला. पडदा उजळला. योशिएनं दाखवून ठेवलं होतं तिथे त्यानं बोट टेकवलं, आणि गप्पांची खोली उघडली. चिहारुचं नाव तिथे होतं हारु. नावापुढे चित्र, चष्मा घातलेली खार. बाकी तिघं आधीच हजर. एकाचं नाव घुबड, एकीचं लोणचं, तिसऱ्याचं कासव.

सेकिने एका बोटानं टाइप करतो. त्यानं 'नमस्कार' एवढं लिहायला घेतलं. ते पूर्ण व्हायच्या आत पडद्यावर धो धो अक्षरं.

"हारुऽऽऽ!"

"आली! आली!"

"कुठे होतीस गं? चार महिने!"

"आम्ही सहाव्या भागावर थांबलोय हं. तुझ्याशिवाय पुढे बघायचं नाही असं ठरलं होतं. घुबडानं चोरून बघितला तर त्याला हाकलणार होते मी."

"नाही बघितला! आईशप्पथ!"

आणि सर्वांत शेवटी, दहा सेकंद उशिरानं, त्या कासवाचं, "हारु आली?" त्याचं नेट संथ होतं. सगळं त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचायचं, म्हणून तर ते नाव.

सेकिनेचं बोट तसंच हवेत राहिलं. अशा वेळी काय लिहायचं? तुम्हीच सांगा. मी त्याला विचारलं, का नाही सांगितलंस? तो आरशात बघत म्हणाला, "जून महिनाभर माझ्या घरात जो आला तो तोंड पाडून आला. आणि इथे तिघं तिच्या नावानं नाचत होती. मला वाटलं... पाच मिनिटं. पाच मिनिटं राहू दे."

त्यानं लिहिलं, "बरं नव्हतं. आता बरी आहे."

मग त्या लोणच्यानं विचारलं, "बाबा बसलेत ना शेजारी?"

 सेकिनेला वाटलं, पोरीनं मित्रांना खोटं सांगितलेलं असणार. बाबा माझ्याबरोबर बसतात, बाबा माझ्याबरोबर बघतात, म्हणून. जो बाप कधी जिना चढला नाही त्याच्याबद्दल लाज वाटून असं सांगितलं असेल. त्यानं लिहिलं, "हो. बसलेत."

"वा! काकांना नमस्कार सांग. चला, सातवा भाग. तीन, दोन, एक..."

सगळ्यांनी आपापल्या घरी एकाच वेळी बटण दाबलं.

आवाज त्यानं पूर्ण बंद करून टाकला होता. खाली योशिए होती. निरोप सांगून यायला माणसाला किती वेळ लागतो? वर कार्टूनचा आवाज सुरू झाला असता तर ती जिना चढून आली असती. म्हणून तो पडद्याच्या तळाशी येणारी अक्षरं वाचत मुकाट बसला.

ती मालिका पंचवीसएक वर्षांपूर्वीची. नाव मी सांगत नाही, शुगो, तू लगेच मोबाइलवर शोधशील. एक मुलगी शाळेतून घरी येते. घर तेच, पण दर वेळी आतली माणसं वेगळी. ती त्यांनाच आई-बाबा म्हणते, जेवते, झोपते. मधेच फोन वाजतो आणि पलीकडे तिचाच आवाज. मग अर्धा भाग नुसता विजेचा खांब दाखवतात. सेकिनेला ओ की ठो कळेना. भाग संपला तेव्हा पडद्यावर सगळ्यांचा वाद जुंपला होता, ती मुलगी जिवंत आहे की मेलेली यावरून. घुबड म्हणालं, पंचवीस वर्षं लोक यावरच भांडतायत.

"काका काय म्हणाले?" लोणच्यानं विचारलं.

सेकिनेनं खरं तेच लिहिलं. "बाबा म्हणतात, त्या घराला गॅस कुठून येतो? बाहेर सिलेंडर दिसत नाही."

तिघं हसून लोळली. कासव सर्वांत शेवटी लोळलं. आणि चिहारुच्या त्या खारीच्या चित्राभोवती एक हिरवं कडं लुकलुकलं. मधूनमधून ते असं उजळायचं. सेकिनेला वाटलं, शोभेचं असेल.

काय रे शुगो? असा काय बघतोस?

"काका... हिरवं कडं म्हणजे..."

माहीत आहे मला काय ते. त्याला माहीत नव्हतं. गप ऐक.

खाली आल्यावर योशिएनं विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाली हो पोरं?"

"रडली," सेकिने म्हणाला. आणि हातपाय धुवायला निघून गेला.

पुढच्या शनिवारी तो सांगून टाकणार होता. त्याच्या पुढच्या शनिवारीही. योशिएला सांगायचा, वर जाऊन गॅस कंपनीचे कागद बघतो. मग आंघोळ करायचा, केस विंचरायचा, आणि वर जायचा. केस विंचरायचा, बरं का! मला सांगताना तो इथे थांबला. म्हणाला, "तोंड दिसत नाही, तरी विंचरायचो." चिहारु बटाट्याचे वेफर्स चॉपस्टिकनं खायची, बोटाचं तेल बटणांना लागू नये म्हणून. तोही दुकानातून तसलेच आणायचा आणि तसेच खायचा. आठवडाभर सिलेंडर उतरवताना त्याच्या डोक्यात तेच चालायचं. त्या घरातली नवी आई कोण असेल? खांबावर तो कावळा का दाखवला?

त्या पोरांना गॅसच्या गोष्टीची इतकी गोडी लागली की दर भागाला विचारायची, "काका आज काय म्हणतायत?" तो लिहायचा, बाबा म्हणतात ती शेगडी इतकी जुनी आहे की आधी ती बदला, भूत मागाहून बघू. की पुन्हा हसाहस. घुबड ओसाकाला पावाच्या कारखान्यात रात्रपाळी करायचं, शनिवारी सुट्टी. लोणचं सेंदाईला नर्सिंग शिकत होती. कासव कुठल्याशा बेटावर, फेरीबोटीच्या धक्क्यावर कामाला. सेकिनेला सगळ्यांची सगळी खबर असायची. स्वतःच्या मुलीची कधी नव्हती.

"मी सुखात होतो रे," तो म्हणाला. "माझी पोर महिन्यापूर्वी जळून राख झालेली. आणि मी तिच्या जागेवर बसून, तिचं नाव घेऊन, तिच्या वाटणीचं हसणं खात होतो. सुखात."

आता ती रात्र. सोळा ऑगस्ट. तोही शनिवार, आणि बोनचा शेवटचा दिवस. संध्याकाळी आपण सगळ्यांनीच दारात काटक्या पेटवल्या, आलेल्या पितरांना वाट दाखवून निरोप दिला. सेकिनेच्या घरचं पहिलंच वर्ष. योशिएनं पेटवलं, त्यानं हात जोडले. विस्तव विझल्यावर दोघं आत आली. योशिए देव्हाऱ्यासमोर बसली, चिहारुच्या फोटोला म्हणाली,

"नीट जा हं बाळा. मागचं काही राहिलं नाही. तुझ्या मित्रांना पण कळवलंय बाबांनी. वाट बघत बसलेलं कोणी नाही आता."

सेकिने तिच्या मागे बसला होता. त्याला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. बायकोला फसवलं, तीन परक्या पोरांना फसवलं, आणि आता त्या फोटोसमोर योशिएच्या तोंडून खोटं वदवलं. तो उठला.

"कुठे चाललात?"

"वर. कागद राहिलेत."

मेजापाशी बसला तेव्हा दहा वाजत होते. उकाडा मरणाचा. खिडकी उघडी, दार उघडं, तरी पान हलत नव्हतं. समोर तिघं जमलेली. तेरावा भाग, शेवटचा. घुबडानं लिहिलं, "आज कळणार! जिवंत की मेलेली!" लोणच्यानं लिहिलं, "संपूच नये असं वाटतंय." तीन, दोन, एक.

भाग सुरू झाला. ती मुलगी घरी येते. घरात कोणीच नाही. ताटं वाढलेली. ती एकेका खोलीचं दार उघडत जाते.

सेकिनेनं मधेच थांबवलं. लिहायला घेतलं. एका बोटानं. चुकत, खोडत.

"मी हारु नाही. मी तिचा बाप. चिहारु जूनमध्ये गेली. मी तुम्हाला फसवलं. माफ करा."

पाठवलं. आणि दोन्ही हात मेजावर टेकून पडद्यापुढे वाकला. कपाळ लाकडाला लागेपर्यंत. कोणी बघणार नव्हतं. तरी वाकला.

वर बघितलं. कोणी काही लिहीत नव्हतं. फक्त कासवाचं एक उशिराचं, "हाहा, ताटं किती ती!"

मग घुबड.

"काका, तुम्ही टाइप करता हे आम्हाला माहीत आहे की."



"पहिल्या दिवसापासून. हारुनंच सांगितलं. म्हणाली, आज बाबा वर आलेत. टाइप तेच करतील. तुम्ही मला हाक मारल्यासारखं करा, नाहीतर लाजून उठून जातील."

मग लोणचं.

"आधी कायम म्हणायची, बाबांना वेळ नसतो. त्या दिवशी किती खूश होती. बाबा आले, शेजारी बसले."

म्हणजे तिनं खोटं सांगितलंच नव्हतं. कधीच.

सेकिनेनं लिहिलं, "कधी सांगितलं?"

"तेव्हाच. बोलताना."

"कोण बोलताना?"

घुबड म्हणालं, "काका, मस्करी पुरे. ते मघाचं... ती गेली वगैरे. असलं लिहू नये."

"मस्करी नाही."

सेकिनेनं पुन्हा लिहिलं.

"कोण बोलतं तुमच्याशी?"

 मग लोणच्यानं लिहिलं. हळूहळू. एकेक शब्द वेगळा.

"काका. हारु. आत्ता पण बोलतेय."

खारीच्या चित्राभोवती हिरवं कडं उजळलेलं होतं.

"आमच्याशी. दर शनिवारी बोलते. कडं दिसतंय ना? ती बोलली की उजळतं ते."

सेकिनेनं खिळ्याकडे बघितलं. हेडफोन तिथेच. वायर खाली लोंबत. कशालाच जोडलेली नाही.

कडं विझलं.

"काका, ऐकलंत ना?"

"मला आवाज येत नाही."

"शेजारीच आहे ना ती तुमच्या?"



"काका?"

उजवीकडची उशी. नजरेच्या कडेला ती उशी होती. तिच्याकडे बघायचं नाही, एवढंच त्याला समजत होतं.

मग त्याचं बोट आपोआप चाललं. त्यानं विचारलं,

"आवाज कसा आहे?"

"नेहमीसारखा. स्वच्छ. का?"

दोन महिने नळी होती गळ्यात... एप्रिलनंतर त्यानं तिचा आवाज ऐकला नव्हता. या परक्यांनी ऐकला. सात शनिवार ऐकला.

कडं पुन्हा उजळलं. बराच वेळ उजळलेलं राहिलं. मग विझलं.

"काय म्हणाली?"

त्यानं पुन्हा विचारलं.

"काय म्हणाली ती?"

लोणचं, "काका, मी रडतेय. मला नाही लिहिता येत."

घुबड, "..."

नुसती टिंबं. मग,

"ती म्हणाली, बाबा, कशाला सांगितलंत त्यांना?"

...

"म्हणाली, इथे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून बसता येत होतं."

...

"काका, ती रागावलेली नाही वाटत. पण..."

कडं एकदाच लुकलुकलं. क्षणभर. मग खारीचं चित्र त्या खोलीतून नाहीसं झालं. सेकिने तिथेच बसलेला, कॉम्प्युटर चालू, त्यानं कशालाही हात लावला नव्हता. तरी नाव गेलं. उरली तिघं.

आणि सर्वांत शेवटी कासव. दहा सेकंद मागे.

"अरे, हारु निघाली? बाय हारु!"

सेकिने तसाच बसून राहिला. उजवीकडे बघितलं नाही. मान इतकी ताठ धरली की दुसऱ्या दिवशी वळेना. बाहेर उजाडलं, कावळे ओरडायला लागले, तेव्हा तो तोंड डावीकडे ठेवून भिंतीला धरत उठला आणि जिना उतरला. उतरल्यावर योशिएला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, काही नाही. फक्त विचारलं, "बघितलं का नाही हो? एकदा तरी?"

माझ्या खुर्चीत तो तेच तेच म्हणत होता. "खोटं बोललो त्याची लाज आहेच. ती जाईल. खरं बोललो, आणि तिला उठून जावं लागलं, त्याचीही आहे. पण सगळ्यात मोठी ही, की मी भ्यालो. माझीच पोर. हातभर अंतरावर. भ्यालो तिला मी." मी त्याच्या गळ्याचं कापड सोडलं. केस अर्धेच कापून झाले होते. त्याला ते कळलंही नाही आणि तो तसाच निघून गेला. दुसऱ्या दिवशी बोलावून उरलेले कापले.

आता पुढचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

या महिन्याच्या सुरुवातीला ओसाकाहून एक मुलगा आला. उंच, किडकिडीत, हातात मिठाईचा डबा. पत्ता योशिएनं दिला होता, तिनं ऑगस्टनंतर त्या तिघांना स्वतः लिहिलं. थरथरत्या हातांनी का होईना, लिहिलं. दारात उभा राहून मुलगा म्हणाला, "मी घुबड. म्हणजे... माझं नाव काजिवारा." सेकिनेनं मला फोन केला. म्हणाला, "तू ये. मला एकट्याला जमणार नाही."

मुलानं उदबत्ती लावली, फोटोसमोर बराच वेळ बसला. फोटोतली चिहारु तो पहिल्यांदाच बघत होता. म्हणाला, "मला वाटायचं, केस लांब असतील." योशिएनं चहा आणला. सेकिने त्याच्यासमोर वाकला, कपाळ चटईला लावून. मुलगा घाबरून गेला. "काका, नका हो असं करू. आम्हीच वाट बघायचो तुमची, आणि तुमच्या त्या गॅसची." मग योशिए हसली. मग रडली. मग पुन्हा चहा आणायला गेली.

ती परत आल्यावर मुलानं मोबाइल काढला.

"कासवाचं नेट मधेच तुटायचं," तो म्हणाला. "त्याला नंतर ऐकता यावं म्हणून मी सगळं रेकॉर्ड करून ठेवायचो. आमच्या गप्पा. ऑगस्टनंतर ऐकायची हिंमत झाली नाही. गेल्या महिन्यात ऐकलं. काकू, तुम्हाला ऐकवावं की नाही, मला समजत नाहीये."

"लाव," योशिए म्हणाली.

त्यानं लावलं. तिघांचे आवाज. लोणचं बोलते, घुबड बोलतं. मग काहीच नाही. मग एकदम सगळे हसतात, जणू मधे कोणी विनोद केला. पुन्हा कोणी बोलतं. पुन्हा मोकळी जागा. कोणी विचारतं, "हो का हारु?" आणि मोकळी जागा. तिचा आवाज त्यात नाही. एक अक्षर नाही. योशिए मोबाइलला कान लावून बसली होती. तिचा चेहरा मी बघू शकलो नाही.

मग त्यात एक माणूस खाकरला.

अगदी जवळून. तोंडाशी माईक धरल्यासारखा. आणि बोलला, "कोण ही बाई आता?"

सेकिनेचा आवाज. मी इतकी वर्षं ओळखतो. तोच.

मोकळी जागा.

"हां हां, मागच्या भागातली. नाही, मला नाही कळलं. तूच सांग."

मोकळी जागा. लांब.

"असं होय. बरं, ते वेफर्स पुरे आता. पोट दुखेल रात्री."

मोकळी जागा. आणि मग सेकिने हसतो. खळखळून. मी त्याला तसं हसताना कधी ऐकलं नाही. त्याच्या लग्नातही नाही.

मी त्याच्याकडे बघितलं. तो पांढरा पडला होता. "मी... मी बोलायचो नाही," तो म्हणाला. "तोंड मिटून बसायचो. योशिएला ऐकू जाईल म्हणून. मला यातलं काही आठवत नाही. एक शब्द आठवत नाही."

"तेव्हा आम्हाला फक्त तिचा आवाज यायचा, काकांचा कधीच नाही. आणि हे," मुलगा म्हणाला. "हे सोळा ऑगस्टचं. शेवट."

लोणच्याचं रडणं. घुबडाचा श्वास. मोकळी जागा, खूप लांब. मग सेकिनेचा आवाज. हळू. तसाच जवळून. भ्यालेल्या माणसाचा नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाचा.

"बरं. जाऊन ये."

पोर शाळेला निघते, तेव्हा घरातलं माणूस दारात हे म्हणतं, आणि ती परतेपर्यंत घरात थांबतं. सेकिने पहाटे लॉरी घेऊन निघायचा. त्याला कधी ते म्हणायची वेळच आली नव्हती.